घर बदलापुरात, नोकरी परळला: मुंबईत राहायला जावं का?

वाचकाचं पत्र

मी ४१ वर्षांची आहे. परळला एका खासगी कंपनीत अकाउंट्स विभागात नोकरी करते. आम्ही बदलापूर पूर्वेला स्वतःच्या टू बीएचकेमध्ये राहतो. नवरा अंबरनाथच्या एमआयडीसीत आहे. घरात ७१ वर्षांच्या सासूबाई, आठवीतली मुलगी आणि दुसरीतला मुलगा. मी सकाळी पावणेसातला घर सोडते, ते रात्री पावणेनऊला परत. मुलगा तोवर पेंगायला लागलेला असतो. शनिवारीही ऑफिस असतं.

दादरच्या आसपास भाड्याने राहू, असं मी दोन वर्षं म्हणतेय. तिथे वन बीएचकेचं भाडं ४८ हजार सांगतात, मुलुंड पूर्वेला ३२ हजार. आमच्या घराचा १८ हजारांचा हप्ता माझ्या पगारातून जातो, अजून अकरा वर्षं आहे. हे घर भाड्याने दिलं तर ११ हजार येतील. दोघांचे मिळून हातात १ लाख १० हजार पडतात, त्यात माझे ६२. नवरा म्हणतो, "एकट्या तुझ्यासाठी चार माणसांनी का हलायचं? इथे मोकळी हवा आहे, स्वतःचं घर आहे, आईचा जीव रमलाय." कधी वाटतं, हे घर विकून मुंबईत छोटंसं घ्यावं. कधी वाटतं, मीच स्वार्थी आहे. काय करू?

— एक वाचक, बदलापूर

उत्तर

ताई, नमस्कार.

तुम्ही स्वार्थी नाही. "एकट्या तुझ्यासाठी" या वाक्यातच हिशेब चुकलाय, तो आधी नीट करू. नाहीतर पुढचे भाड्याचे आकडे मांडण्यात अर्थ नाही.

घराचा हप्ता तुमच्या पगारातून जातो. तो पगार परळला मिळतो आणि परळला जाऊन-येऊन रोज सव्वाचार तासांच्या आसपास जातात. सासूबाईंची मोकळी हवा, मुलांची वेगळी खोली, तुमच्या पतींचं झटकन कामावर पोचणं, हे सगळं त्या सव्वाचार तासांवर उभं आहे. बदलापूरला घर स्वस्त पडलं. उरलेली किंमत तुम्ही रोज गाडीत उभ्या राहून फेडताय. महिन्याचे चोवीस दिवस धरले तर हे १०२ तास होतात, म्हणजे आठ तासांच्या जवळजवळ तेरा पाळ्या, बिनपगारी. हा आकडा कागदावर लिहा आणि एखाद्या रविवारी दुपारी, मुलं खेळायला गेली असताना, पतींसमोर ठेवा. तक्रार म्हणून ठेवू नका. हप्ता, किराणा, शाळेची फी जशी घरखर्चाच्या वहीत मांडतो, तसा तुमचा वेळही त्याच वहीत मांडायला हवा, एवढंच सांगा.

तुमचे पती वाईट मनाने बोलतात असं मला पत्रावरून वाटत नाही. बदलापूरहून अंबरनाथ पुढचंच स्टेशन. तेवढा प्रवास करणाऱ्याला सकाळी सातचा बदलापूरचा फलाट ऐकून कळत नाही. त्यांना एक दिवस सोबत न्या, आणि तो सोमवार असू द्या. तुम्ही महिला डब्यात, ते जनरल डब्यात. कर्जत-खोपोलीहून येणारी गाडी भरूनच येते. चढल्या चढल्या "कुठे उतरणार?" विचारत जागा सांगून ठेवायची, कुणी ठाण्याला उतरलं तर तिघींच्या बाकावर कडेला टेकायची चौथी सीट मिळवायची, दादरला गर्दीच्या रेट्याबरोबर बाहेर पडायचं आणि तिथून पुन्हा धीमी गाडी पकडून परळ. संध्याकाळी हेच उलट्या दिशेने. एकदा स्वतः केलं की माणूस "सवय होते गं" म्हणायचं थांबतो.

आणि सवयीचंही सांगते. ९ जून २०२५ च्या सकाळी मुंब्र्याजवळ लोकलच्या दारात उभे असलेले प्रवासी खाली पडले आणि काहींचा जीव गेला. ती रोजची, कामावर जाणारी, सवय झालेली माणसं होती. तुम्हाला घाबरवण्यासाठी हे लिहीत नाही. पण या मार्गावरची गर्दी हा नुसता गैरसोयीचा मामला नाही, हे घरात मोठ्याने बोललं गेलं पाहिजे. पावसाळ्याची तर वेगळी काळजी. २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या मधे उल्हास नदीच्या पुरात अडकली, ते तुमच्याच भागात घडलं. असा पाऊस झाला की तुमच्याकडची गाडी बंद, आणि तुम्ही इकडे परळला.

पती कदाचित म्हणतील, "कल्याण-बदलापूर तिसऱ्या-चौथ्या मार्गिकेचं काम चालू आहे, ती झाली की गाड्या वाढतील." वाढाव्यातच. पण ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाली, आणि ती "लवकरच" होणार हे आपण त्याआधी कितीतरी वर्षं ऐकत होतो. घराचा निर्णय रेल्वेच्या वेळापत्रकावर टांगून ठेवू नका.

तर हलावं का? माझ्या मते हो, हलावं. पण दादरला नाही आणि घर विकून तर मुळीच नाही.

दादर का नको, ते आकड्यांत बघू. सगळ्या वेळा घरापासून कामापर्यंतच्या, अंदाजे. आज तुमचे सव्वाचार तास आणि पतींचा जाऊन-येऊन एक तास, म्हणजे घराचे मिळून रोज सव्वापाच तास रस्त्यात जातात. दादरला गेलात तर तुम्ही तासाभरात जाऊन परत याल, पण पतींना दादर ते अंबरनाथ आणि परत असे सव्वातीन तास लागतील. एकूण सव्वाचार. मुलुंडला तुमचे दोन तास आणि त्यांचे सव्वादोन, एकूण पुन्हा सव्वाचारच. म्हणजे वेळ तेवढाच वाचतो आणि भाडं महिन्याला १६ हजारांनी कमी. शिवाय दादरला गेल्यास आज जो भार तुमच्यावर आहे तो उचलून त्यांच्यावर टाकल्यासारखं होईल. मग दोन वर्षांनी असंच पत्र मला त्यांच्याकडून येईल.

या मार्गावर सकाळचं एक किलोमीटर दोन्ही दिशांना सारखं नसतं, हेही लक्षात घ्या. पती मुलुंडहून अंबरनाथच्या दिशेने जातील, म्हणजे गर्दीच्या विरुद्ध. सकाळी कल्याणकडे जाणाऱ्या गाडीत बसायला जागा मिळते, वाचता येतं, डोळा लागतो. संध्याकाळी मुंबईकडे येतानाही तेच. आणि तुम्हाला ठाण्याहून सुटणाऱ्या धीम्या लोकल मिळतील. मुलुंड त्यांचं दुसरंच स्टेशन, त्यामुळे लवकरची गाडी धरलीत तर बसून जाण्याची बऱ्यापैकी आशा असते. चाळीसेक मिनिटांत थेट परळ, मधे दादरला उतरणं नाही. परतताना २०१९ पासून परळहूनच सुटणाऱ्या काही लोकल आहेत, त्यांच्या वेळा ऑफिस सुटण्याशी जुळतात का बघा. धीम्या गाडीला बदलापूरकर नाकं मुरडतात ते मला माहीत आहे. पण बसून गेलेली चाळीस मिनिटं आणि लटकून गेलेली चाळीस मिनिटं वेगळी.

मुलुंड कुणाला "खरी मुंबई" वाटत नाही. तुम्ही पत्रात लिहिलेल्या कारणांसाठी मात्र ते पुरेसं आहे. महापालिका मुंबईची, वस्तीत मराठी माणूस भरपूर, पूर्वेला वझे-केळकर महाविद्यालय, म्हणजे मुलीच्या दहावीनंतरची एक वाट जवळच. ठाण्याला कोपरी किंवा नौपाड्यातही चौकशी करा. कदाचित भाडं आणखी थोडं खाली येईल आणि पतींचा प्रवासही कमी होईल.

हे सगळं करण्याआधी एक विचारणा ऑफिसात करून बघा: आठवड्यातून दोन दिवस घरून काम, किंवा निदान दहाची वेळ. अकाउंट्सचं बरंचसं काम हल्ली घरून होऊ शकतं. "हो" आलं तर निर्णय घाईने घ्यावा लागणार नाही. "नाही" आलं तर पतींनाही कळेल की हा रस्ता तपासून झालाय.

आता सासूबाई. तुमच्या घरात "आईचा जीव रमलाय" हे वाक्य आईऐवजी मुलगाच बोलतोय. आईंना प्रत्यक्ष कुणी विचारलंय का, हे पत्रात नाही. त्यांना विचारायलाच हवं आणि ते तुमच्या पतींनी विचारावं, तुम्ही नाही. सुनेने विचारलं की सासू बहुधा दोनपैकी एक उत्तर देते: "तुम्हाला हवं ते करा" किंवा "मला इथेच राहू द्या". दोन्हींतून त्यांच्या मनातलं बाहेर येत नाही. मुलाने शांतपणे बसून विचारावं की तुझा दिवस इथे कसा जातो, तिकडे गेलो तर तुला काय काय लागेल.

माझा अंदाज सांगते. या वयात माणसाला शहर आणि उपनगर यातला फरक फारसा जाणवत नाही. जाणवतो तो जिना. सकाळी खाली उतरून देवळापर्यंत जाता आलं, भाजीवाल्याशी दोन शब्द बोलता आले, संध्याकाळी चार बायकांत बसता आलं, तर बाई कुठेही रुजते. जुन्या बिनलिफ्टच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर नेऊन ठेवलं, तर ती महिन्याभरात खिडकीशी बसून राहते आणि मग गुडघे खरंच धरतात. दादरमध्ये ४८ हजारांत मिळेल ते घर बऱ्याचदा असंच असेल. म्हणून घर बघायला आईंना सोबत न्या, अगदी पहिल्या फेरीपासून. लिफ्ट चालू आहे का, वीज गेल्यावरही चालते का, संडास कमोडचा आहे का, पाणी किती वाजता येतं आणि किती वेळ, खाली बसायला बाक आहे का, देऊळ पायी गाठता येतं का. या गोष्टींवर त्यांचं मत शेवटचं माना. एखादं घर त्यांनी नको म्हटलं तर ते नको. आणि त्यांचं भजनी मंडळ किंवा जे काही असेल ते बदलापुरात आहे, तर महिन्यातून एक शनिवार-रविवार त्यांना तिकडे न्यायची जबाबदारी पतींनी आधीच पत्करावी. त्यांच्या मैत्रिणी आहेत, नातेवाईक आहेत. तिथे त्या राहतील.

तरीही त्या ठाम नाहीच म्हणाल्या तर? मग त्यांना एकटं मागे ठेवून जाऊ नका आणि ओढूनही नेऊ नका. एक उन्हाळा मुलुंडला राहून बघू, असं ठरवा. अकरा महिन्यांच्या करारात तेवढी सोय असते. बहुतेक वेळा माणूस अनोळखी गोष्टीला नाही म्हणत असतो.

मला खरी काळजी तुमच्या मुलीची वाटते, आणि पत्रात तिच्यावर जेमतेम एक शब्द आहे. टू बीएचकेतून वन बीएचकेत आल्यावर सगळ्यात जास्त तीच गमावणार आहे. चौदाव्या वर्षी दार लावून बसता येईल असा कोपरा लागतो. तो जाणार, आजीबरोबर एक खोली वाटून घ्यावी लागणार, मैत्रिणी सुटणार. हे तिला गोड शब्दांत गुंडाळून सांगू नका. "तुझं नुकसान होणार आहे, ते आम्हाला दिसतंय, ते कमी कसं करता येईल ते तूच सांग," असं म्हणा. तिच्याकडे तुमच्यापेक्षा चांगल्या कल्पना असतील. आणि बदल्यात तिला काय मिळणार, तेही खरं सांगा: संध्याकाळी साडेसातला घरी असलेली आई. या वयाच्या मुलीला ती हवी असते, कितीही नाही म्हटलं तरी. जवळपास अभ्यासिका आहे का तेही घर ठरवण्याआधी बघा. वन बीएचकेत दहावीचा अभ्यास करणाऱ्या मुलांचा बराच भार मुंबईत अभ्यासिकाच उचलतात.

तिच्यामुळेच तुमच्या निर्णयाला तारीख आहे. जूनमध्ये ती नववीत जाईल. राज्य मंडळाच्या मुलांसाठी शाळा बदलायची ती नववीच्या सुरुवातीला, किंवा मग थेट दहावीनंतर. नववी अर्धी झाल्यावर नाही, आणि दहावीत तर नाहीच. नवीन शाळा, नवीन शिक्षक, मंडळाचा अर्ज, तोंडी आणि अंतर्गत गुण, सगळं एकदम अंगावर येतं. म्हणजे तुमच्यासमोर दोनच मुहूर्त आहेत, हा जून किंवा दोन वर्षांनंतरचा. हा जून हुकला तर कृपया मधेच काही करू नका. ती दोन वर्षं घरून कामाचे दिवस वाढवून आणि पतींनी संध्याकाळचा स्वयंपाक व धाकट्याचा अभ्यास पूर्ण अंगावर घेऊन काढा.

शाळा आधी, घर नंतर. मुलगी सेमी-इंग्रजीत असेल तर मुलुंडमध्ये सेमीची नववी कुठे आहे आणि जागा आहे का, ते एप्रिलमध्येच जाऊन विचारा. प्रवेशाचा शब्द मिळाल्याशिवाय घराचं टोकन देऊ नका. धाकट्याची चिंता कमी. तो आठवीपर्यंत शिक्षण हक्क कायद्यात येतो आणि शाळा सोडल्याचा दाखला यायला उशीर झाला म्हणून सरकारी, पालिकेची किंवा अनुदानित शाळा त्याला प्रवेश नाकारू शकत नाही. तो महिन्याभरात नवीन मित्रांच्या घरी जेवून येऊ लागेल.

पैसे. मुलुंडचं भाडं ३२ आणि हप्ता १८ म्हणजे ५०, त्यातून बदलापूरचे ११ वजा, उरले ३९ हजार. आज घरावर १८ जातात, म्हणजे महिन्याला २१ हजारांचा जास्तीचा भार. एक लाख दहा हजारांत तो जाणवेल, पण पेलेल. दादरला हाच भार ३७ हजार होतो, आजचे १८ धरून ५५, म्हणजे निम्मा पगार घरावर, आणि एक आजारपण आलं की कर्ज. सुरुवातीला अनामत, एक महिन्याच्या भाड्याइतकी दलाली आणि सामान हलवण्याचा खर्च वेगळा. तो हाताशी नसेल तर सोनं मोडून किंवा कर्ज काढून करू नका. मग दुसरा मुहूर्त धरा. तुमच्या पगारात घरभाडे भत्ता असेल तर जुन्या करप्रणालीत त्यावर सवलत मिळते, नव्या प्रणालीत मिळत नाही. दोन्हींचा हिशेब तुम्हीच उत्तम कराल, ते तुमचं रोजचं काम आहे.

विकण्याचा विचार सोडून द्या, निदान मुलगी बारावी होईपर्यंत. बदलापूरचं घर विकून येणाऱ्या रकमेतून कर्ज फिटल्यावर जे उरेल, त्यात मुंबईत पाच माणसांचं घर येत नाही. येईल ती एक खोली आणि आजच्यापेक्षा मोठा हप्ता. शिवाय तुमच्या पतींना "स्वतःचं घर" या गोष्टीचा जो आधार वाटतो, तो खोटा नाही. भाड्याच्या घरात राहताना आपलं एक घर आहे, ही जाणीव भांडणं कमी करते.

करार करताना अकरा महिन्यांवर अडून बसू नका. लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे हा भाड्याचा करार, जास्त काळाचाही करता येतो. तेहतीस महिन्यांचा करार आणि दरवर्षीची भाडेवाढ त्यातच लिहून घेतलीत, तर मुलीच्या दहावीच्या परीक्षेच्या तोंडावर घर शोधत फिरायची वेळ येणार नाही. आईंसाठी परतीची वाट हवी असेल, तर तुमच्याकडून महिन्याभराच्या नोटिशीने सोडता येईल असं कलम घाला. घरमालक बहुधा मान्य करतात. करार नोंदवलेलाच हवा, नुसता स्टॅम्प पेपरवर लिहिलेला नको. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे नोंदणीची जबाबदारी घरमालकावर असते. हाच नियम बदलापूरला तुम्हाला लागू होतो, कारण तिथे घरमालक तुम्ही. तिथला करारही नोंदवा, भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्या आणि सोसायटीला कळवा. सोसायटी नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस, म्हणजे घरात स्वतः न राहता ते भाड्याने दिल्याबद्दलचं शुल्क, लावेल. ते सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाहीत, त्यामुळे जास्तीची पावती आली तर नम्रपणे परत करा.

बदलापूरच्या भाडेकरूबरोबर मात्र करार अकराच महिन्यांचा ठेवा. आणि तुमचं एक कपाट, आईंचा देव्हारा मावेल एवढी एक खोली कुलूप लावून स्वतःकडे राखता येते का बघा. भाडं ११ ऐवजी ८ हजार आलं तरी चालेल. महिन्यातला तो शनिवार-रविवार त्यांना मैत्रिणीकडे पाहुणी म्हणून काढावा लागणार नाही, अशी सोय त्या तीन हजारांत होत असेल तर ती करा, आणि घर बघायला निघण्याआधी आईंना ती सांगा.